चेंबरातले केस

तळमजल्यावर राहणाऱ्याला वरच्यांच्या घरातलं सगळं कळतं. भांडणं कळतात, पाहुणे कळतात, आणि आज कुणी काय शिजवलं तेही कळतं. फक्त ते नाकाने नाही, बाथरूमच्या जाळीतून. दुसऱ्या मजल्यावर पालक धुतला की त्याची पानं आमच्याकडे. चौथ्यावर चहा झाला की चोथा आमच्याकडे. आधी जाळीखाली गुडगुड व्हायचं, कुणाच्या तरी पोटात वात धरल्यासारखं. मग एक मोठा बुडबुडा. मग काळं पाणी सावकाश वर यायचं आणि आई ओरडायची, "आलं गं बाई, आलं!" की आम्ही हातातलं टाकून गोणपाटं, झाडू, बादल्या घेऊन धावायचो. अजूनही एखाद्या हॉटेलात बेसिनमधून तसा आवाज आला की मी खुर्चीवर पाय वर घेते. माझी मुलं हसतात. हसू देत. त्यांचा जन्म सातव्या मजल्यावरचा आहे.

हे सगळं नालासोपारा पूर्वेचं, आचोळ्यातलं, नव्वदीच्या दिवसांतलं. आमची बिल्डिंग चार मजल्यांची, लिफ्ट नाही, भाताच्या खाचरांवर भराव टाकून उभी केलेली. मागे थोडी खाचरं अजून उरली होती, आणि पावसाळ्यात तिथले बेडूक असे ओरडायचे की टीव्हीचा आवाज वाढवावा लागे. बाबा मुंबईत एका सरकारी कचेरीत कारकून होते. सकाळी डबा घेऊन निघायचे ते अंधार पडल्यावर उगवायचे. आई कोकणातली, राजापूरकडची. लग्नानंतरची सगळी वर्षं मुंबईत चाळीच्या एका खोलीत काढल्यावर तिने एकच हट्ट धरला होता, "मला जमिनीवरचं घर हवं. पाय मातीला लागले पाहिजेत." म्हणून तळमजला. मागच्या दाराबाहेरच्या दोन हात जागेत तिने अळू लावलं, गवती चहा लावला, आणि आल्यागेल्याला ती "आमचं परसदार" म्हणून दाखवायची. घर घेताना आम्ही उजेड बघितला, वारा बघितला, स्टेशन चालत किती लांब ते बघितलं. या घरातलं घाण पाणी जातं कुठे, हे विचारायचं कुणालाही सुचलं नाही. कुणाला सुचतं म्हणा!

जायचं कुठे ते आम्हाला नंतर चांगलंच पाठ झालं. तेव्हा तिथे गटाराची मोठी लाइन नव्हती, ज्याची त्याची सोय ज्याच्या त्याच्या आवारात. चारही मजल्यांचे पाइप मागच्या भिंतीवरून खाली उतरून आमच्या परसातल्या पहिल्या चेंबरात यायचे. तिथून जमिनीखालच्या पाइपने दुसऱ्या चेंबरात, आणि तिथून कोपऱ्यातल्या टाकीत. त्या टाकीला अख्खं आचोळं 'सेफ्टी टँक' म्हणायचं. खरा शब्द 'सेप्टिक' आहे हे मी कॉलेजातून शिकून आले आणि आईला ऐटीत सांगितलं. ती म्हणाली, "असू दे. सेफ्टीच बरं वाटतं ऐकायला." तर या दोन चेंबरांमधला पाइप तुंबला की पाणी मागे फिरायचं आणि सगळ्यात सखल जागा शोधायचं, म्हणजे आमची बाथरूम. गंमत अशी की वरच्या मजल्यांवर कुणाला याचा पत्ताच नसायचा. त्यांचं पाणी धडाधड खाली जात होतं ना, मग झालं तर! गच्चीवर सोसायटीची मीटिंग भरली आणि बाबांनी विषय काढला की सेक्रेटरी काका घड्याळाकडे बघायचे. "तळमजल्याची रड" असं त्या विषयाला नावच पडलं होतं.

लाइन मोकळी करायला मामा यायचे. मामा म्हणजे कुणाचेच मामा नव्हेत. आचोळ्याच्या जुन्या गावठाणातले एक उंच, वाळके गृहस्थ. आमची बिल्डिंग ज्या खाचरांवर उभी होती त्यांतलं एक त्यांच्या वडिलांचं. ते बांबूच्या लांब पट्ट्या एकमेकींना बांधून आणायचे. आले की आधी दोन्ही चेंबरांची झाकणं उघडून ठेवायचे आणि चहा मागायचे. बाबा रविवारी घरी असले तर घाई करायचे, "मामा, सुरू करा की!" मामा बशीतला चहा फुंकत म्हणायचे, "आतला वास जाऊ दे सायेब. वासानं मानूस मरतो." मग नेहमी दुसऱ्या चेंबराकडून सुरुवात. लोक जिथे पाणी दिसतं तिथे काठी खुपसतात, मामा म्हणायचे, आणि घाण अजून घट्ट करतात. "पानी जिथं जायाचं तिथून हात घाल. वाट खालून मोकली करायची." हे वाक्य मी पुढे संसारात, ऑफिसात, कुठे कुठे वापरलं आहे.

आता आईच्या भांड्यांबद्दल सांगितलं पाहिजे. आई भांडी राखेने घासायची. ओट्याला सिंक होतं, पण सिंकपाशी उभं राहून भांडी घासणं म्हणजे तिच्या मते बूट घालून जेवायला बसण्यापैकी. स्वयंपाकघराच्या मागे छोटी मोरी होती, तिथे पाटावर बसून, पदर खोचून, ती तास तास भांड्यांशी बोलत बसायची. राख जवळच्या पावाच्या भट्टीतून मिळायची, डबा भरून. आणि घासायला नारळाची शेंडी. आमच्याकडे रोजच्या आमटीत नारळ, त्यामुळे शेंड्यांना तोटा नाही. तिची पितळी पातेली, तांब्याचा बंब, पोह्यांचा डबा असा काही लखलखायचा की शेजारणी भांडी मागायला नाही, बघायला यायच्या. कुणी पावडरीचं नाव काढलं की आई म्हणायची, "त्या फेसात काय राम आहे?" मला अजून तो आवाज ऐकू येतो, पितळेवर काथ्या घासल्याचा, खर्र खर्र. शाळेतून यावं आणि तो आवाज कानावर पडावा, म्हणजे आई घरात आहे. आता माझ्या घरी भांडी घासायचं यंत्र आहे, ते गुरगुरतं, आणि मला ते अजिबात आवडत नाही.

मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना पहिल्या मजल्यावरच्या काकूंच्या मुलाचं लग्न झालं आणि सून आली, आगाशीची. माहेरची वाडी: नारळ, केळी, फुलझाडं. तिचे केस! काय सांगू, खाली बसली तर लादीला टेकायचे. वेणी घालायला तिला अर्धा तास लागायचा. माझ्याहून तीनच वर्षांनी मोठी, पण मी वहिनी म्हणायची आणि ती मला "ए तिखट" म्हणायची, कारण माझी जीभ तेव्हाही अशीच होती. कुणी रांगेत घुसलं, कुणी जिन्यात थुंकलं, की मी सुटलेच. तिला त्याचं फार कौतुक. "मला नाही गं असं जमत," म्हणायची. आठवड्याला आगाशीच्या बसने तिचा भाऊ मोगऱ्याचा पुडा आणि सुकेळी घेऊन यायचा. सुकेळी म्हणजे वाळवलेली राजेळी केळी, मधासारखी गोड. संध्याकाळी आम्ही दोघी गच्चीवर टाकीच्या कठड्याला टेकून ती खात बसायचो आणि खालून जाणाऱ्या प्रत्येकाला नावं ठेवायचो. दिवे गेलेले असले तर फारच उत्तम. तिच्या ओल्या केसांना शिकेकाईचा वास यायचा. तसं सुख मला नंतर फारसं मिळालेलं नाही.

तिच्या लग्नाला तीन महिने झाले असतील. एका रविवारी सकाळी लाइन अशी तुंबली की पाणी बाथरूमचा उंबरठा ओलांडून स्वयंपाकघरात आलं. आईने त्या दिवशी बिल्डिंग डोक्यावर घेतली. सेक्रेटरी काकांना बनियनवर खाली आणलं, दुसऱ्या मजल्यावरचे आले, चौथ्यावरचे आले, सगळे परसात, तिच्या अळवात पाय देऊन उभे. मामांनी झाकणं उघडली, चहा प्यायला, दुसऱ्या चेंबराकडून पट्टी घातली, ढकलली, फिरवली, ओढली. पट्टीच्या टोकाला एक गोळा आला. काळाकुट्ट, गुंतलेला, लांब लांब तंतू लोंबणारा.

"केस!" आई ओरडली. "बघा! मी म्हणत होते ना? केस आहेत हे!"

आणि तिने वर बघितलं. तिच्याबरोबर सगळ्यांनी. पहिल्या मजल्याच्या गॅलरीत वहिनी न्हाऊन केस सुकवत उभी होती, केस कठड्यावरून खाली सोडलेले.

वहिनी खाली आली. तो गोळा चेंबरापाशी पडला होता, त्याच्याकडे ती वाकून बघत राहिली. काही तरी म्हणायला तिने तोंड उघडलं. तेवढ्यात आई म्हणाली, "एवढे केस म्हटल्यावर दुसरं काय होणार? जरा जाळीतले काढून कागदात टाकत जा गं बाई." वाईट बोलली असं नाही, पण चारचौघांत बोलली. वरून सासूने हाक मारली आणि वहिनी निघून गेली.

त्यानंतर आईला चेव चढला. इतकी वर्षं कुणी तिचं ऐकलं नव्हतं, आता पुरावा हातात होता! ती घरोघर फिरली. प्रत्येक बाथरूमला बारीक जाळी, सिंकला जाळी, चहाचा चोथा कुंडीत, तेलकट तव्याला आधी कागदाने पुसणं, दर रविवारी उकळतं पाणी ओतणं. मला ती सैनिकासारखी वाटायची, अभिमानही वाटायचा. सेक्रेटरी काकांनी फळ्यावर सूचना लावली: 'लांब केस असणाऱ्या महिलांनी बाथरूममध्ये केस धुऊ नयेत.' अनेकवचन कसलं, एकच तर महिला होती! वहिनी बादली घेऊन गच्चीवर जाऊन केस धुवायला लागली. जिन्यात पोरं तिला बघून गुडगुड आवाज काढायची. त्या पोरांना मी कान पकडून हाणलं, पण आईला एक शब्द बोलले नाही. आई चुकली असेल हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

एक दिवस वहिनी स्टेशनजवळच्या पार्लरमध्ये गेली आणि मानेपर्यंत केस कापून आली. मी जिन्यातच उभी होते. मला बघून हसली, "काय तिखट, कशी दिसते?" मला रडूच फुटलं. ती म्हणाली, "आता नाही कुणाची लाइन तुंबणार." आईने ऐकलं तेव्हा ती म्हणाली, "बरं केलंन. उन्हाळ्यात तेवढाच आराम." पण रात्री तिने दोन घास कमी खाल्ले, हे मी बघितलं.

महिन्याभरातच एका दुपारी जाळीखाली गुडगुड झालं.

घरी मी एकटीच. आई विरारला मावशीकडे गेलेली, बाबा कामावर, बिल्डिंग दुपारची झोपलेली. पाणी आलं ते मी गोणपाटांनी अडवलं आणि गावठाणात धावत जाऊन मामांना घेऊन आले. झाकणं, चहा, दुसरं चेंबर, पट्टी. टोकाला पुन्हा तसाच काळा गोळा, आणि त्याच्या पोटात करड्या रंगाचा एक खडा, सिमेंटसारखा घट्ट.

"पुन्हा केस?" मी म्हटलं. "पण तिने तर कापले!"

मामांनी गोळा बादलीत बुचकळला, हाताने चोळला, पुन्हा बुचकळला. पाणी काळं झालं आणि गोळा हळूहळू तांबूस दिसायला लागला. त्यांनी त्यातला एक तंतू ओढून माझ्यापुढे धरला. तो ताठ उभा राहिला.

"केस असा उभा ऱ्हातो का बाय? ही शेंडी हाय."

"कुणाची?" मी विचारलं. खरंच विचारलं. मला वाटलं, कुणा भटजीबुवांची.

"नारलाची!" मामा हसले. मग तो करडा खडा त्यांनी विटेवर आपटून फोडला. "आन् ही राख. राख आन् तेल बसलं पाइपात, त्यात शेंडी अडकली. कोन घासतं राखेनं तुमच्या बिल्डिंगीत?"

अख्ख्या बिल्डिंगीत एकच घर राखेने भांडी घासत होतं आणि त्याच घराच्या मोरीचा पाइप समोर, माझ्या पायाशी, चेंबरात उतरत होता. मामा माझ्याकडे बघत राहिले आणि त्यांचं हसू गेलं. ते कामाला लागले. मी तो गोळा वर्तमानपत्रात बांधला आणि मागच्या खाचराकडे जाऊन चिखलात लांब फेकून दिला. मी, तिखट!

संध्याकाळी आई आली तेव्हा मी तिला स्वयंपाकघराचं दार लावून सांगितलं. ती उभी होती ती पाटावर बसली. आपल्या हातांकडे बघत राहिली. नखांच्या कडांना राख असायचीच तिच्या. पहिला प्रश्न काय विचारला? "कुणी बघितलं का?"

"नाही," मी म्हटलं. "सगळे झोपले होते."

"मग राहू दे तूर्तास. मी बोलेन. बघते मी."

तिने राखेचा डबा भट्टीवाल्याला परत केला. तारेची घासणी आणि पावडर आणली, आणि ओट्यापाशी उभी राहून, नाक मुरडत, भांडी घासायला लागली. पितळेची रया गेली. शेजारणींनी विचारलं तर म्हणायची, "गुडघे दुखतात हो, बसवत नाही." आणि लाइन? लाइन अशी सुरळीत झाली म्हणता, की विचारू नका. आठवडे गेले, महिने गेले, जाळीतून साधा बुडबुडा नाही.

आता यात काय झालं बघा. राख बंद झाली हे फक्त आम्हाला माहीत. बाकी बिल्डिंगला एवढंच दिसलं की सुनेने केस कापले आणि लाइन तुंबायची थांबली. म्हणजे केसच होते! सेक्रेटरी काका मीटिंगमध्ये म्हणाले, "तळमजल्याच्या बाईंचं निदान अचूक निघालं," आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. आई मान खाली घालून बसली होती, लोकांना वाटलं विनय. वहिनीचे केस मानेखाली उतरायला लागले की तिची सासू म्हणायची, "नको गं बाई, कापून ये. आता कुठे सगळं नीट चाललंय." आणि ती जाऊन कापून यायची. तीन वेळा.

माझं तिच्याबरोबर गच्चीवर जाणं कमी झालं. अभ्यास आहे, परीक्षा आहे, डोकं दुखतं, अशा थापा मारायची. ती सुकेळी घेऊन दारात यायची, मी दारातूनच घ्यायची. आईला मी दर आठवड्याला विचारायची, "सांगितलंस का?" आणि आई म्हणायची, "सांगते गं. नीट वेळ बघून सांगते." माझ्या आईला मी भित्री कधी म्हटलं नव्हतं. त्या वर्षी मनात म्हटलं. स्वतःला काय म्हणायचं ते मात्र ठरवलं नाही.

मग वहिनीला दिवस गेले आणि सातव्या महिन्यात डोहाळजेवण ठरलं. आगाशीहून तिची आई आली, मोठी टोपली भरून फुलं घेऊन: मोगरा, शेवंती, अबोली, केवड्याचं एक पान. फुलांचे बाजूबंद, फुलांचा मुकुट, आणि फुलांची वेणी. वेणी गुंफण्यात आमच्या आईचा हात बिल्डिंगमध्ये कुणी धरत नसे, म्हणून तिलाच बोलावलं. पहिल्या मजल्यावरची ती खोली बायकांनी गच्च भरलेली. वहिनी पाटावर, मागे आई. केस जेमतेम मानेपर्यंत. तिच्या सासूने कुठून तरी गंगावन आणलं होतं, ते आई चिमट्यांनी बसवायला बघत होती आणि ते सारखं निसटत होतं.

वहिनीच्या आईने शेवटी विचारलंच, "एवढे केस होते पोरीचे. का कापलेस गं? मला तर कुणी सांगितलंच नाही."

सासू हसून म्हणाली, "अहो, लाइन तुंबायची ना खाली! चेंबरात हा एवढा गोळा निघाला होता केसांचा."

"माझ्या पोरीच्या केसांनी?" त्या माउलीचा चेहरा असा झाला की बघवेना. परक्या घरात आपल्या मुलीची घाण निघाली म्हटल्यावर आईचा होतो तसा. "मी तर तिला लहानपणापासून केस उचलून टाकायला शिकवलंय हो..." ती जणू माफीच मागायला लागली.

आईच्या हातातलं गंगावन खाली पडलं.

"ते केस नव्हते," आई म्हणाली. घसा खाकरून ती पुन्हा मोठ्याने म्हणाली, "ते केस नव्हते. नारळाची शेंडी होती. माझ्या घासणीची. आणि माझी राख. लाइन मी तुंबवत होते, इतकी वर्षं. मला कळून वर्ष होत आलं. मला बोलायचा धीर झाला नाही. पोरी, माझं चुकलं. फार चुकलं."

मग दुसऱ्या मजल्यावरची एक काकू म्हणाली, "म्हणजे वर्षभर सगळ्या बिल्डिंगला शेंडी लावलीत की हो!" आणि जो हशा पिकला! बायका एकमेकींच्या अंगावर पडून हसल्या. सासू आधी गोरीमोरी झाली, मग तीही हसायला लागली, डोळे पुसत, आणि सुनेच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. आई रडत होती आणि हसतही होती. वहिनीची आई मात्र नुसती "असं का, असं का," म्हणत होती. वहिनी हसली नाही. तिने मागे हात नेऊन आईचा हात दाबला आणि म्हणाली, "काकू, वेणी घाला. जेवायला उशीर होतोय."

जेवणं झाल्यावर ती मागच्या गॅलरीत हवेला जाऊन उभी राहिली. अंगावर सगळी फुलं. मी तिच्या मागे गेले. खाली आमचं परस, अळू, दोन चेंबरांची झाकणं, सगळं तळहातावर असल्यासारखं दिसत होतं. मला एकदम लक्षात आलं की इथे मी कधी उभीच राहिले नव्हते.

"वहिनी, मला माफ कर," मी म्हटलं. "आईच्या आधी मला कळलं होतं."

"माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"सगळं." तिने कठड्यावरचं एक पडलेलं फूल उचललं. "अगं, मी आगाशीची. जन्मभर वाडीत नारळ सोललेत. काळा झाला म्हणून काय काथ्या ओळखू येत नाही? पहिल्याच दिवशी ओळखला मी."

"मग बोलली का नाहीस?"

"तीन महिन्यांची नवी सून मी. खाली अख्खी बिल्डिंग, त्यात काकू ओरडतायत. कोण ऐकणार होतं?" "म्हणून तर केस कापले. म्हटलं, केस गेल्यावरही लाइन तुंबली की सगळ्यांना आपोआप कळेल. मला बोलावं लागणार नाही."

माझे कान गरम झाले. कारण लाइन तुंबली होती. केस गेल्यावर, एका दुपारी, बिल्डिंग झोपलेली असताना.

"त्या दुपारी मी इथेच उभी होते," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, असता तर बरं झालं असतं. "मामांनी तुला तो गोळा धुऊन दाखवला. तू कागदात बांधलास. मला इतका आनंद झाला! म्हटलं, आता ही तिखट धावत वर येणार आणि बोंबलून सगळ्यांना उठवणार. मी आत जाऊन दोन कप चहा टाकला."

"मग?" मी विचारलं. काय मूर्ख प्रश्न!

"मग काय. दोन्ही मीच प्यायले."